बरणीतलं तळं

"मेलंय ते सगळं, आई. फेकून दे आता."

"मत नको सांगू. काय दिसून राहिलं ते सांग."

"हिरवं पाणी दिसतंय."

"किती हिरवं? कालच्यापेक्षा जास्त का कमी?"

"आई, मला मीटिंग आहे."

हे मी बेसमेंटच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि खाली जावं की वर थांबावं ते कळत नव्हतं. समीरदादा माझ्या अंगावरूनच वर आला, "सॉरी, सॉरी, ये ना, खाली आई आहे," म्हणाला आणि लॅपटॉपकडे पळाला. नेपरव्हिल या अमेरिकन उपनगरातल्या त्या घरात मी भाडेकरू म्हणून आले, तो दिवस. माझ्या आईच्या ओळखीतून मिळालेली खोली. घरात समीरदादा, त्याची बायको मृणालताई आणि त्याची आई. वरचं घर त्या दोघांचं, खालच्या बेसमेंटमध्ये एक खोली आईंची, एक माझी, आणि मध्ये एक मोठी, जमिनीलगत उघडणारी खिडकी.

त्या खिडकीपाशी त्या बसल्या होत्या. सुती साडी, त्यावर मुलाचा जुना स्वेटशर्ट, पायात लोकरी मोजे, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. पाच मिनिटं पाह्य. मग सांग."

खिडकीत काचेची मोठी बरणी होती. आत तीन बोटं चिखल, वर पाणी, पाण्यात केसांसारखी एक वनस्पती. पाच मिनिटांनी मी म्हटलं, "सुंदर आहे."

"हे मत झालं."

मी परत पाहिलं. "झाडाला बुडबुडे चिकटलेत. एक गोगलगाय काचेवर आहे. ती वर चाललीय."

"हं," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. मग विचारलं, "चहा घेशील?"

तुम्ही माणसं पाहत असाल तर तुम्हाला माहीत असेल, आपल्यातलं मोठं माणूस पहिल्या भेटीत काय काय विचारतं. कुठली, कोणाची, व्हिसा कुठला, लग्नाचं काय. मावशींनी यातलं काही कधीच विचारलं नाही. मी त्यांना मावशी म्हणू लागले ते पहिल्याच आठवड्यात.

मला त्या आवडल्या, त्याचं खरं कारण थोडं स्वार्थी होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी डोक्यात जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असतात. इंग्रजीतही तेच होतं, म्हणजे दोष भाषेचा नसावा. सगळीकडे माझ्या गप्प बसण्याला काहीतरी नाव होतं: लाजाळू, घुमी, ऑफिसमध्ये 'क्वाएट'. मावशींपाशी गप्प बसण्याला निरीक्षण म्हणत. पहिल्यांदा कोणालातरी माझा हा गुण वाटला.

मावशी एकतीस वर्षं नागपुरात पाणी तपासायच्या लॅबमध्ये होत्या. रोज सकाळी गावभरच्या नळांचे, टाक्यांचे, विहिरींचे नमुने बाटल्यांतून यायचे. तपासायचे, आकडे लिहायचे, आणि पाणी ओतून बाटल्या धुवायच्या. "एकतीस वर्षं मी पाणी ओतून दिलं," त्या म्हणायच्या. "नमुना शिळा झाला की त्याचा उपयोग नाही, असा नियम. पण मला नेहमी वाटे, शिळा झाल्यावर त्यात काय होते ते कोणी पाहते का? एक तरी ठेवून पाहू."

नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या घरामागच्या तळ्यावर गेल्या. सोसायटीचं पावसाचं पाणी साठवायला खणलेलं ते तळं, त्याच्या काठावर हंसांसारखे मोठे कॅनडा गीझ घाण करत फिरतात. तिथला चिखल, पाणी, वनस्पती आणि सहा गोगलगायी त्यांनी बरणीत भरल्या. क्लिपचं झाकण, रबराची रिंग, वरून मेणबत्तीचं मेण. मग झाकणावर पांढरं फडकं टाकून दोऱ्याने बांधलं, लॅबमध्ये बाटल्यांना बांधायच्या तसं. त्यानंतर आत काही घालायचं नाही, बाहेर काही काढायचं नाही. हात लावायचा तो फक्त उन्हाप्रमाणे सरकवायला.

"तीन वर्षं टिकली पाहिजे," त्या म्हणायच्या.

"मग?"

"मग काही नाही. तीन वर्षं टिकली असं लिहीन."

रोज सकाळी दहाला नोंद. वहीत रकाने आखलेले: तापमान, पाणी, वनस्पती, गोगलगायी जिवंत, कवचं, इतर. 'इतर' हा रकाना बहुतेक रिकामाच असे. पाण्यात तिळाएवढे किडे उड्या मारत फिरायचे, ते मोजता येत नाहीत म्हणून 'पुष्कळ' किंवा 'कमी'. तेवढीही सूट त्यांना खटकायची.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे त्या सांगत आणि मी लिहीत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी थर्मामीटरवरचा फॅरनहाइटमधला आकडा भिंगातून कसाबसा वाचला आणि सांगितला, "एकोणसत्तर." मला मराठी आकडे तिसाच्या पुढे येत नसत. विचारायची लाज वाटली. मी लिहिलं एकोणऐंशी, म्हणजे ७९. आठवड्याने पट्टी निघाल्यावर त्यांनी मागची पानं वाचली आणि मला हाक मारली.

"काय गं, मंगळवारी बेसमेंटला आग लागली होती का?"

मग त्यांनी मला बसवून एक ते शंभर पाठ करायला लावलं. जेवायला वाढताना मध्येच विचारायच्या, "त्रेसष्ट?" मी उत्तर दिल्याशिवाय पोळी मिळत नसे. पण चुकीची नोंद त्यांनी खोडून टाकली नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, बाजूला बरोबर आकडा आणि खाली माझी सही घ्यायला लावली. "चूक झाली तर लपवायची नाही. रेघ मारायची. सही करायची. संपलं."

त्या वेळी मला हे फार गमतीचं वाटलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात बरणी खरोखर मेल्यासारखी झाली. बाहेर बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला, उजेड दुधासारखा. पाण्यावर पांढरट साय धरली. जिवंत: तीन. मग दोन. मग एक, आणि मग त्या एकीचंही कवच तळाशी पडलेलं दिसलं. मृणालताई कपडे धुवायला खाली आली होती, ती म्हणाली, "आई, आता तरी टाकूया ना? मला ते बघून कसंतरी होतं. उन्हाळ्यात डास होतील त्यात."

"बंद बरणीत डास कुठून येतील?"

"मग वास."

"वास येते का तुला? सांग, येते का?"

मृणालताई ओले कपडे ड्रायरमध्ये कोंबून वर गेली. तिची बाजू मला दिसत होती. ती सकाळी सातला घर सोडायची, हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये दिवसभर खपायची, संध्याकाळी येऊन दुसऱ्या दिवसाचाही स्वयंपाक करायची. आणि घरात एक बाई रोज वहीत काहीतरी लिहीत असायची. एकदा गाडीतून स्टेशनवर सोडताना तिने मला हळूच विचारलं होतं, "त्या वहीत माझ्याबद्दल असतं का गं काही? उशिरा उठली, भाजी खारट केली, असलं?"

मी हसले. तिला माझं हसणं पुरेसं वाटलं नसावं. 'नाही, फक्त बरणीबद्दल असतं' हे एवढं वाक्य मला म्हणता आलं असतं. तोपर्यंत स्टेशन आलं.

शेवटचं कवच पडल्यावर बरोबर एकोणचाळीस दिवसांनी (मी आता एकोणचाळीस नीट लिहिते) माझी ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू होती आणि दार धाडकन उघडलं. माकडटोपी, स्वेटशर्ट, हातात भिंग.

"अकरा!"

माझ्या टीममधल्या सात जणांनी हे पाहिलं. कोणालातरी वाटलं, घरात आग लागलीय.

"अकरा पिल्लं! तिळाएवढी! चल!"

मी कॅमेरा बंद करून गेले. काचेला नाक लावून आम्ही दोघींनी परत मोजलं. बारा निघाली. त्या दिवशी 'इतर'च्या रकान्यात मावशींनी काय लिहावं म्हणून बराच विचार केला, आणि शेवटी लिहिलं, 'चष्मा पुसला.' मी पाहिलं होतं, तो का पुसावा लागला ते.

लोक घरी यायचे तेव्हा बरणी हा एक विषय असायचा. एकदा समीरदादाचा मित्र, जरा वाचन असलेला, बराच वेळ बरणीकडे बघून म्हणाला, "मावशी, ही बरणी म्हणजे तुम्हीच की. आपलं पाणी घेऊन परक्या देशात."

"बापा," मावशी म्हणाल्या, "बरणीत शेवाळ आहे. मला बीपी आहे."

आता गणपतीचं सांगते. त्याचंच सांगायला इतका वेळ लावला.

त्या वर्षी मृणालताईने दीड दिवसाचा गणपती बसवला आणि शनिवारी आरतीला पासष्ट माणसं बोलावली. तीन वर्षं व्हायला बावीस दिवस राहिले होते. माणसं बेसमेंटमध्येही बसणार, म्हणून मावशींनी सकाळीच मला सांगितलं, "खिडकीतून काढून ठेव कुठे तरी. तू ठेव. खाली तू आहेस ना? मग झालं." आणि त्या वर गेल्या, नथ घालून, गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मी बरणी लाँड्रीच्या खोलीत नेली, सिंकशेजारच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून. वरचं स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं, म्हणून मी कोशिंबिरीच्या काकड्या घेऊन तिथेच चिरत बसले. राखणही होईल असं मनात होतं.

पैठणीवर एप्रन बांधलेल्या एक काकू धावत खाली आल्या. मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या कुठल्याशा ऑरोराहून आल्या होत्या आणि त्यांना त्याच दिवशी आणखी दोन घरच्या गणपतींना जायचं होतं.

"अगं, मृणालने वर कोणाला तरी सांगितलंय, खाली मोठी काचेची बरणी आहे. मठ्ठ्याला. प्लॅस्टिकमध्ये ताक नको वाटतं बाई." आणि त्यांची नजर ओट्यावर गेली. "हीच का?"

मृणालताईने सांगितलेली बरणी कपाटात होती, खोक्यात, नवीकोरी. मला ते माहीत होतं.

काकूंनी दोरा सोडून फडकं काढलं, बरणी उजेडाकडे धरली. "बाई गं! मिरच्यांचं लोणचं होतं वाटतं. पार कुजलंय की. किती वर्षांचं आहे कोण जाणे! हे टाकायचं ना गं? कोणाचं काही नाही ना?"

आणि माझ्याकडे पाहिलं.

फडकं बांधलेली बरणी म्हणजे लोणचं, असं आपल्या कुठल्याही बाईला वाटेल. चूक त्यांची नाही. त्यांनी तर विचारलं होतं. 'काकू, उघडू नका' हे तीन शब्द मला येत होते. शब्दांची अडचण नव्हती. अडचण ही होती की त्या मोठ्या होत्या, घाईत होत्या, मोठ्याने बोलत होत्या, आणि अशा माणसाला मी आयुष्यभर एकच उत्तर देत आले आहे. माझी मान हलली. होकारार्थी.

"दे गं ती सुरी."

मी सुरी दिली. त्यांनी मेण खरवडलं. क्लिप उघडली. कुजका वास आला नाही, तळ्याकाठी येतो तसा साधा ओल्या चिखलाचा वास आला. पाणी सिंकमध्ये गेलं. वनस्पती जाळीत अडकली. "शी, गोगलगाय शिरलीय आत!" काकू म्हणाल्या, आणि पेपर टॉवेलने एकेक उचलली. त्या क्षणीही थांबवता आलं असतं. निदान त्या गोगलगायी वाटीभर पाण्यात ठेवता आल्या असत्या. काकूंनी उकळतं पाणी आणि साबण घालून बरणी दोनदा धुतली, "बघ कशी चकचकीत झाली," म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या.

मी जाळीतली वनस्पती काढली. पेपर टॉवेल उचलला. दोन्ही कचऱ्यात टाकलं आणि वरून काकडीच्या साली टाकल्या. ओटा पुसला. मेणाचे तुकडे वेचले. फडकं आणि दोरा खिशात घातला. हे सगळं मी फार व्यवस्थित केलं. मावशींनी शिकवलं होतं तसं, काही सांडू न देता.

वर आरती झाली. काकू पुढच्या गणपतीला निघूनही गेल्या. टेबलावर पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, आणि कडेला बरणी, मठ्ठ्याने भरलेली, वर कोथिंबीर आणि मिरचीचे हिरवे तुकडे तरंगत. मावशी प्लेट घेऊन रांगेत होत्या. बरणीपाशी आल्या आणि थांबल्या. मागची माणसं थांबली. त्यांनी बरणी बुडाशी धरून हळूच फिरवली. क्लिपच्या तारेला एका जागी गंज होता. तो त्यांना दिसला.

"ही कोणी काढली?"

मृणालताई गरम पुऱ्यांची परात घेऊन येत होती. तिने पाहिलंही नाही. "मीच सांगितली आणायला, आई. काचेची हवी होती ना."

मावशींनी प्लेट खाली ठेवली. माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. आवाज चढवला नाही. लॅबमध्ये विचारत असतील तसं विचारलं.

"तू खाली होतीस. काय दिसलं?"

"मी वर आले होते, मावशी. आरतीला," मी म्हटलं. "मला नाही दिसलं काही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. त्यांचा विश्वास बसला. दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं होतं, मी दिसतं ते सांगते आणि दिसत नाही ते सांगत नाही, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झालेलं होतं. मग उरलं कोण? जिला बरणी बघून कसंतरी व्हायचं, जिने आता सगळ्यांसमोर सांगितलं की मीच आणायला लावली. हिशेब सरळ होता. फक्त त्यात घातलेला एक आकडा माझा होता, आणि तो चुकीचा होता.

कोणीतरी त्यांच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. सिंकवर जाऊन विसळला आणि पालथा ठेवला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर कदाचित मी बोलले असते, निदान असं मी स्वतःला सांगते. दुसऱ्या दिवशी मृणालताई धुतलेली बरणी घेऊन खाली आली. तिला तोवर कळलं होतं की कोणीतरी चुकून ती रिकामी केली, कोणी ते कळलं नव्हतं.

"आई, खरंच सॉरी. आपण परत भरू. मी येते तळ्यावर, चिखल मी काढते."

"राहू दे. तुझ्या मठ्ठ्याला लागेल."

"मी नाही केलं हे, आई. मी ती नवी बरणी सांगितली होती."

"मी कुठं म्हटलं तू केलं?"

मी माझ्या खोलीत होते. दार अर्धं उघडं होतं. मृणालताई जिना चढताना मध्ये एकदा थांबली, ते मला पावलांवरून कळलं.

पहिल्या दिवशी बोलणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी, कालच का नाही बोललीस, या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागलं असतं. दहाव्या दिवशी तर ते बोलणं म्हणजे दहा दिवसांची गोष्ट झाली. असं ते वाढत गेलं. खिडकी रिकामी, खुर्ची तिथेच. सकाळी दहाला मावशी सवयीने यायच्या, बसायच्या, उठायच्या. मला "सत्त्याहत्तर?" विचारणं बंद झालं. मृणालताईशी त्या आता 'तू' ऐवजी 'तुम्ही' बोलू लागल्या. मृणालताईने महिनाभर प्रयत्न केले. गरम भाकरी, नागपूरची पुडाची वडी, देवळात नेणं. मग तीही थकली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांत गोष्ट पसरलीच होती: सासूची तीन वर्षांची बरणी सुनेने ओतून टाकली आणि तिलाच त्यातून ताक पाजलं. लोक हसून सांगत. मृणालताई ऐकून घेई.

बर्फ पडायच्या आत मावशी परत निघाल्या. बहिणीकडे. समीरदादा म्हणाला, "आई, एका बरणीसाठी?" त्या म्हणाल्या, "थंडी सोसत नाही रे."

विमानतळावर निघायच्या आधी त्या माझ्या खोलीत आल्या. मी उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, असं त्या कधी करत नसत.

"या घरात एक तूच आहे, जी दिसते तेवढंच सांगते," त्या म्हणाल्या. "तशीच राह्य."

मी वाकून नमस्कार केला. तेवढा वेळ चेहरा खाली ठेवता आला.

फेब्रुवारीत त्या गेल्या. नागपुरात, दुपारी, झोपेत. समीरदादा एकटाच गेला, मृणालताईला मावशींच्या बहिणीने 'नाही आली तरी चालेल' असं कळवलं होतं. तो परतला तेव्हा बॅगेत दोन साड्या, भिंग आणि वही होती.

शनिवारी सकाळी मी चहाला वर गेले तेव्हा मृणालताई स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून ती वही वाचत होती. पहिल्या पानापासून. बाहेर बर्फ उपसायचं मशीन चाललं होतं, त्याच्या आवाजात तिला माझी चाहूल लागली नाही. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं तेव्हा तिने मान वर केली.

"मला वाटायचं, यात सगळं माझ्याबद्दल असेल," ती म्हणाली. "काहीच नाही गं. तीन वर्षं नुसत्या गोगलगायी. हे बघ, तुझी सही आहे एके ठिकाणी. ही बघ, चष्मा पुसला म्हणे." ती हसली. मग पानं उलटत शेवटाला आली आणि वही माझ्याकडे फिरवली.

गणपतीच्या दिवसाची तारीख. सगळे रकाने रिकामे. फक्त 'इतर'मध्ये, त्याच स्वच्छ अक्षरात, 'मृणालने बरणी रिकामी केली.' त्यानंतर कोरी पानं.

"माझं नाव एकदाच आलंय," मृणालताई म्हणाली. तिचं बोट त्या ओळीवर होतं. "आता हे कोणाला सांगू मी? त्याच गेल्या."

मी चहाचं आधण बंद केलं. वाक्य आधी डोक्यात जुळवलं नाही.

"ते खोटं आहे, ताई. मी तिथेच होते. बरणी न्यायला एक काकू आल्या, त्यांनी टाकू का म्हणून मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. सुरी मीच दिली. आणि मावशींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."